कठड्यावरचं हिरवं

जुलैतल्या एका रविवारी सकाळी मी बाल्कनीचा कठडा घासत होते. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कठड्याचं प्लास्टर पावसाळ्यात इतकं पाणी पितं, की जून संपता संपता त्यावर हिरवी मखमल चढते. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवलेली, हातात तारेचा ब्रश, नाकाला रुमाल. घरभर तरणतलावासारखा वास सुटला होता. हिरवं निघत होतं, ब्रशच्या तारांत अडकत होतं, खालून करडं, खरखरीत सिमेंट दिसायला लागलं होतं आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच एखादं काम माझ्या हातून पुरं होताना दिसत होतं. आई आतून आली. डोक्याला सुती रुमाल बांधलेला, अंगात बाबांचा जुना स्वेटर. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यानं काय केलं होतं तुझं?" आणि आत गेली.

मी उरलेला कठडा घासून संपवला.

आई बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवत होती. पहिला जोरदार पाऊस झाला, की नववीच्या मुलांना घेऊन ती येऊरच्या जंगलात जायची. मुलं पुस्तकातली फ्युनारियाची आकृती डोक्यात घेऊन दगड धुंडाळायची आणि कुठलंही हिरवं दिसलं की ओरडायची, "बाई, शेवाळ!" त्यावर तिचं ठरलेलं वाक्य, "शेवाळ पाण्यातलं. हे मॉस." मराठीत आपण हिरवं आणि निसरडं दिसलं की शेवाळ म्हणून मोकळे होतो, त्यावरून पाय घसरला की शिव्याही एकाच नावानं घालतो. ती मात्र वैतागायची. आमच्या कठड्यावरच्या मॉसशी माझी ओळख तिनं मी सहावीत असताना करून दिली होती. मे महिना होता. कठड्यावर नुसता काळपट, चुरचुरीत पापुद्रा उरला होता. तिनं त्यावर माझं दहापटीचं भिंग धरलं, म्हणजे भिंग तिचं, पण त्या दिवसापुरतं माझं, आणि ड्रॉपरनं एक थेंब सोडला. आत वळून सुरळी झालेली पानं बघता बघता उलगडली. काही सेकंदांचाच खेळ. तिथं होतं काळं, झालं हिरवं. "हायोफिला," ती म्हणाली. "हिला मुळं नाहीत, पाणी अंगानंच पिते. ही मेली नव्हती. सुकली होती. दोन्हींत फरक असतो." तो फरक मी कितीतरी दिवस शाळेच्या मैत्रिणींना सांगत फिरले होते.

आणि आता तीच मी, तारेचा ब्रश घेऊन.

माझ्या बाजूनंही थोडं सांगायला हवं. आईच्या स्तनाच्या कॅन्सरवरचे उपचार खारघरच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये चालू होते. केमोनंतर रक्तातल्या पेशींचे काउंट खाली जातात, त्या दिवसांत काय टाळायचं ते आम्हाला सांगितलेलं होतं. माती, कुंड्या, ताजी फुलं, ओल आलेली भिंत, बुरशी धरलेलं अन्न. यामागे ॲस्परजिलस नावाची बुरशी. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातील इतके बारीक. ते तुम्ही-आम्ही रोज श्वासातून घेतोच, आणि आपल्या पांढऱ्या पेशी त्यांचा गाजावाजा न करता फडशा पाडतात. त्या पेशीच नसतील तर तो बीजाणू फुप्फुसात रुजतो. हे ऐकल्यावर मी घरातल्या सगळ्या कुंड्या शेजारच्या काकूंकडे पोचवल्या. कपाट पुढे ओढलं तर मागच्या भिंतीवर, पोळपाटाएवढा, काळा, केसाळ डाग. त्याला ब्लीच मिळालं ते योग्यच झालं. पण तिथून माझा हात थांबेना. खिडकीच्या गजाखालचं, नळाच्या मागचं, मग कठडा. मॉसपासून कुणाच्या फुप्फुसात काही रुजत नाही हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण त्याच्याखाली साठलेल्या मातीच्या चिमटीत काय असेल ते कुणी सांगावं? त्यामुळे मी चूक होते असं मला आजही छातीठोक म्हणता येत नाही. फक्त घासताना मी हा हिशेब केला नव्हता, एवढं नक्की. हिरवं ते घाण, आणि घाण ती माझ्या हातानं जायला हवी, एवढंच डोक्यात होतं.

त्या पावसाळ्यात घरात आणखी एक गोष्ट बदलली, जी माझ्या लक्षात उशिरा आली. आईच्या शिंका बंद झाल्या होत्या. आई सकाळी शिंकायची. अंथरूण झटकलं, की माळेतले फटाके लागावेत तशा, कधी पाच, कधी नऊ. बाबा दाढी करता करता मोठ्यानं आकडा सांगायचे, "सात!" मॅच चालू असल्यासारखे. बाबा गेल्यावर आकडा सांगणारं कुणी राहिलं नाही, पण शिंका होत्या. धुळीतल्या माइट म्हणा, पावसाळ्यातली बुरशी म्हणा, ठाण्याच्या दमट हवेत दोन्हींना तोटा नाही. पर्समध्ये सुट्या पैशांच्या कप्प्यात एव्हिलची अर्धी गोळी चाळीस वर्षं असायची. पहिल्या केमोला निघताना ती नेमकी दारात शिंकली, एकच. समोरच्या काकू म्हणाल्या, "दोन मिनिटं टेका, मग निघा." आयुष्यभर मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावलेली आई माझ्याकडे बघून हसली. मी मात्र तिला बसवलं. पाणी प्यायला लावलं. त्यानंतर महिनाभरात कधीतरी सकाळ मुकी झाली. केमोआधी दिलं जाणारं डेक्सा हे स्टिरॉइड, तेच शिंकांवर बसलं असणार, असा माझा आपला अंदाज. डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "फायदा झाला की मग!" फायदाच होता. मला ते घर परकं वाटायचं, एवढंच.

या शिंकांनी मला वाचायला लावलं. खारघरला थांबायला लागायचं पुष्कळ, आणि हातात फोन. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं १९०६ मध्ये घडवला. त्याच्या मनात नुसत्या शिंका नव्हत्या. एकदा एखाद्या पदार्थाशी गाठ पडली की शरीर पुन्हा पूर्वीसारखं वागत नाही, बदलतं. ते कधी आपल्या भल्याचं असतं, कधी नसतं. दोन्हींना मिळून त्याचा एकच शब्द होता. पुढे आपण तो वाईट अर्थापुरताच ठेवला. त्याच्याही आधी मँचेस्टरचा चार्ल्स ब्लॅक्ली हा डॉक्टर, स्वतःच 'हे फीवर'नं, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीनं, बेजार. त्यानं १८७३ साली प्रयोगांचं जाडजूड पुस्तक छापलं आणि त्या प्रयोगांचा उंदीर तोच होता. परागकण स्वतःच्या नाकात घातले, आणि ओल्या गव्हाच्या काडावर बुरशी वाढवून तीही हुंगली. घसा पार बसला. असा माणूस मला आवडतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "वेडा होता," पण आवाजात कौतुक होतं.

ऑगस्टपासून औषध बदललं. दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, बारा वेळा. पहिल्या दिवशी सिस्टर ड्रिप लावून बाजूलाच उभ्या राहिल्या. पाचेक मिनिटं झाली असतील, आईची मान लाल व्हायला लागली, मग कान. "पाठीत कळ येतेय," ती म्हणाली. सिस्टरनी ड्रिप बंद केली, आणखी एक इंजेक्शन दिलं. काही वेळानं सगळं ओसरलं, मग तेच औषध थेंबाथेंबानं पुन्हा सुरू केलं आणि या वेळी ते गेलं. त्या अर्ध्या तासात मी खिडकीतून खारघरच्या डोंगरावरचे पांढरे ओहोळ मोजत होते. आईला मात्र भलतंच कुतूहल. इंजेक्शन कसलं होतं? एव्हिल. "म्हणजे आमच्या पर्समधलीच," ती म्हणाली, "आता शिरेतून." नंतर कळलं की ही रिॲक्शन बहुतेक वेळा औषधाची नसतेच. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावणात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवतात, आणि शरीर बिथरतं ते प्रामुख्यानं त्या द्रावणावर. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये या रिॲक्शन इतक्या तीव्र होत्या, की औषध तिथंच गुंडाळलं जायची वेळ आली होती. आधी स्टिरॉइड आणि ॲलर्जीची औषधं द्यायची आणि मग हळूहळू हे सोडायचं, या साध्या युक्तीनं ते तरलं. लहानपणी सुट्टी लागली की आजीनं नाक दाबून पाजलेलं एरंडेल मला आठवलं. त्याच्यावर बिथरण्याचा हक्क शरीराला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

या औषधाची जन्मकथा मी तिला ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रबाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये वाचून दाखवली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली गेली. तिच्यातला रेणू वेगळा काढून त्याची रचना उलगडली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, १९७१ मध्ये छापली. वाणी जन्मले नंदुरबारला. इथपर्यंत आई डोळे मिटून ऐकत होती. नंदुरबार म्हटल्यावर उठून बसली. ती धुळ्याची. "आमच्या खानदेशातले!" असं म्हणून तिनं सलाईनची टेप चिकटलेल्या हाताकडे असं पाहिलं, जसं काही माहेराहून डबा आलाय. पण त्यापुढचा भाग मला जास्त आवडतो. अमेरिकेत या औषधाला १९९२ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी यूच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी सापडली. ती स्वतःही हाच रेणू बनवते, असा शोधकांचा दावा होता. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्यावरून शास्त्रज्ञांत वाद झाले आणि बुरशीपासून औषध काही दवाखान्यात आलं नाही. आई म्हणाली, "मग झाडानं बुरशीकडून घेतलं, की बुरशीनं झाडाकडून?" मी म्हटलं, माहीत नाही. "परीक्षेत विचारण्यासारखा आहे प्रश्न," ती म्हणाली आणि परत डोळे मिटले.

एरवी त्या रस्त्यावर ती झाडांच्या बुंध्यांकडे बघत असायची. सिग्नलला गाडी थांबली की काचेला नाक लावून. राखी, पांढरट, वाळलेल्या रंगाच्या शिंतोड्यासारखे डाग, म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ मिळून झालेले. १८६६ मध्ये विल्यम नायलँडर यानं पॅरिसच्या एका बागेत भरपूर लायकेन आहेत आणि शहराच्या इतर भागांत नाहीत, हे टिपून हवेशी त्याचा संबंध जोडला होता. तेव्हापासून लायकेन बघून हवा ओळखायचा नाद माणसाला लागला. यांना मुळं नाहीत, पानांवर असतं तसं मेणाचं आवरण नाही, हवेत जे असेल ते सगळं अंगात घेणार. आईचा हिशेब सोपा होता. येऊरच्या झाडांवर पानासारखे झालरवाले, ठाण्यात खोडाला चिकटलेले चिवट पिक्सीन जातीचे, आणि कारखान्यांच्या पट्ट्यात? "इथं बघ, नुसती साल." वाशी फाट्याच्या अलीकडे तिला एका आंब्यावर एक डाग दिसला, रुपयाएवढा. त्यानंतर प्रत्येक आठवड्याला तो आंबा आला की ती मान वळवायची. मी त्या झाडापाशी हात जोडत असल्यासारखी गप्प बसायची, का ते कळत नाही.

लायकेन आपण खातो हे मी सांगितलं की लोकांना पटत नाही. गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे तेच. दगडही नाही, फूलही नाही, आणि बाजारात येतं ते बहुतेक झाडांच्या सालीवरचं. कोरडं हुंगलं तर त्याला जुन्या कागदाचा, मातीचा पुसट वास येतो. तेलात पडलं की मात्र स्वयंपाकघराचा अख्खा स्वभाव बदलतो. आई मे महिन्यात वर्षाचा मसाला करायची, आणि दगडफूल निवडताना नातवाला धडा द्यायची, बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं, दोघांचा संसार. इथं शेवाळ हा शब्द तिला चालायचा. त्या वर्षी मसाला राहिला. जूनमध्ये मी आधीच्या वर्षीचा घालून आमटी केली, तर ती तोंडाला पदर लावून बाल्कनीत गेली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. तेव्हा तिथं अजून हिरवं होतं. पुढे चार महिने आमच्या घरात फोडणीला फक्त जिरं.

खुर्चीत बसून ड्रिप चालू असताना मी तिला टोबी स्प्रिबिल या संशोधकाचं काम सांगितलं. मोंटानातल्या झाडांवर दाढीसारखे लोंबणारे दोन लायकेन. एक तपकिरी, तिथले मूळ रहिवासी तो खातात. दुसरा पिवळसर, विषारी. तपासलं तर दोन्हींतली बुरशी तीच, शेवाळ तेच. मग विष कुठून आलं? २०१६ मध्ये उत्तर छापून आलं. त्या लायकेनच्याच बाहेरच्या थरात एक तिसरी, यीस्टसारखी बुरशी होती, आणि पिवळ्यात ती भरपूर होती. पुढे कळलं की सगळ्याच लायकेनमध्ये ती नसते, पण दोघांचा संसार हे दीडशे वर्षांचं वाक्य तेव्हाच डळमळलं. आई निवृत्त झाली २०११ ला. "म्हणजे मी बत्तीस वर्षं मुलांना अर्धवटच शिकवलं," ती म्हणाली. दुखावली असेल असं मला वाटलं. ती मोजत होती. "बत्तीस गुणिले चार तुकड्या," ती पुटपुटली, "सगळ्यांना कळवायचं म्हणजे..."

तिसरा पाहुणा शोधण्याचं वेड कॅन्सरच्या संशोधनातही आहेच. २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या गाठींत मॅलसेझिया नावाची बुरशी जास्त सापडते आणि तीच गाठ वाढवते, असा शोध गाजला. नंतर दुसऱ्यांनी तीच माहिती पुन्हा चाळली तर तो संबंध त्यांना सापडला नाही. २०२२ मध्ये पस्तीस प्रकारच्या कॅन्सरमध्ये बुरशीच्या डीएनएच्या खुणा आढळल्या, अगदी थोड्या. आता थोडं म्हणजे गाठीतलं, की प्रयोगशाळेच्या हवेतलं, यावर भांडण. उलट्या बाजूनं, ॲलर्जी असणाऱ्यांना मेंदूतला ग्लायोमा थोडा कमी होतो असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे, आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिंका आणणाऱ्या आयजीई याच जातीची प्रतिपिंडं कॅन्सरवर सोडून पाहण्याची पहिली चाचणीही झाली. मी हे उत्साहानं सांगत होते, कारण मला कुठेतरी आईच्या शिंकांना कामाला लावायचं होतं. तिनं ऐकून घेतलं. "मी चाळीस वर्षं शिंकले," ती म्हणाली, "आणि बघ." पुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

एका नातेवाइकांनी पाठवलेलं अळंबीच्या पावडरचं पाकीटही याच काळातलं. 'कॅन्सर मुळापासून.' जपानमध्ये टर्कीटेल या भूछत्रातून काढलेलं एक औषध १९७७ पासून बरीच वर्षं केमोच्या जोडीला दिलं जात होतं, त्या खऱ्या गोष्टीच्या शेपटीला धरून ही पाकिटं विकली जातात. आईनं पावडर भिंगाखाली धरली, नाकाजवळ नेली, कुबट आहे म्हणून केरात टाकली. या बाबतीत तिचं नाक हीच प्रयोगशाळा. शेंगदाणे ती असेच मूठमूठ हुंगून घ्यायची. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनं मेले, त्यातून अफ्लाटॉक्सिन सापडलं, यकृताच्या कॅन्सरचं एक कारण. १९७४ मध्ये बांसवाडा आणि पंचमहालच्या आदिवासी पाड्यांत पावसात भिजलेल्या मक्यानं १०६ माणसं गेली. तिथल्या बायकांचीही नाकं चांगलीच असणार. पण टाकून द्यायला घरात दुसरं धान्य हवं ना.

ऑक्टोबरात बारावं सलाईन झालं. डिसेंबरात एका सकाळी मी मोरीच्या कट्ट्याखालचं सामान काढत होते, तर तो तारेचा ब्रश सापडला. तारांत काळा चुरा अडकलेला. मी तो कागदावर झटकला आणि का कोण जाणे, आईपुढे नेऊन ठेवला. तिनं काही न बोलता भिंग मागितलं. डोक्यावर तेव्हा राखाडी, लव्हाळ्यासारखे केस आले होते, बोटांच्या टोकांना अजून बधिरपणा होता, त्यामुळे ड्रॉपर मी धरला. थेंब पडला. सुरळ्या हलल्या. एक, मग शेजारची, मग सगळी पानं उघडली.

"आहे की जिवंत!" मी म्हणाले. माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला असावा.

"असेलच असं नाही," ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली. "मेलेलं पानही पाण्यानं उलगडतं. हर्बेरियममधली, वाळवून जपून ठेवलेली शंभर वर्षांपूर्वीची पानंसुद्धा उलगडतात. तू ब्लीच घातलं होतंस."

"मग मला सहावीत काय सांगितलं होतंस?"

"तेव्हा तू सहावीत होतीस."

ती आणखी खाली वाकली. तो चुरा, वाळलेली माती, पाच महिन्यांची मोरीखालची धूळ, सगळं तिच्या नाकाजवळ. मी कागद ओढून घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात ती शिंकली. मग दुसरी. मग माळ. कागद उडाला, चुरा टेबलभर झाला, भिंग घरंगळत खुर्चीखाली गेलं.

"पाच!" मी म्हणाले.

तिनं हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटलेले, तोंड उघडं, चेहरा छताकडे. "थांब," ती म्हणाली, "अजून एक आहे."